जुना मोहरा : ठेवावा कीं सोडावा?

नागपूर शहराच्या दक्षिण अंगास हुडकेश्वर म्हणून एक भाग आहे. एकेकाळीं तें निराळें खेडें होतें. आतां शहराचा विस्तार तेथपर्यंत पोंचून त्याच्याहि पुढें गेला आहे. घरें उठावयाचीं राहिलेल्या मोकळ्या जागांवर तेथें सायंकाळीं मुलांचे क्रिकेटचे डाव रंगतात. कोणत्याहि वाढत्या वस्तींत रंगतात तसेच. अशा प्रत्येक मेळ्यांत एक तरी वयानें वडील गडी असतो. तो नोकरीला लागलेला असतो, पूर्वीसारखा धांवत नाहीं, पण चेंडू मात्र अजूनहि अचूक ओळखतो. त्याला पहिल्यानें खेळावयास पाठवावें कीं ती संधि एखाद्या धडपड्या पोराला द्यावी, ह्यावरून कुरबूर होतेच. वाद लहान खरा. परंतु मोठमोठ्या संघांच्या चालकांनाहि तो सुटलेला नाहीं.

प्रश्न असा आहे. एखादा संघ पडत्या काळांत सांपडला, त्याची नव्यानें उभारणी करण्याचें ठरलें, आणि जुन्या वैभवांतला एकच नामांकित खेळाडू त्यांत उरला. तर त्याला राखावें, कीं त्याच्या मोबदल्यांत दुसरे गडी मिळवून त्याला निरोप द्यावा? कॅनडा व अमेरिका ह्या देशांतील बर्फावरील हॉकींत असले सौदे उघडपणें होतात. बॉस्टनच्या ब्रुइन्स संघांत रे बोर्क हा बचावाचा खेळाडू १९७९ सालापासून खेळत होता. वीस वर्षें लोटलीं, तरी त्या खेळांतील सर्वांत मानाचा स्टॅन्ले चषक त्याच्या हातीं लागला नव्हता. संघाची स्थिति खालावली असतां, मार्च २००० मध्यें, बॉस्टननें त्याला कोलोराडोच्या संघाकडे सोंपविलें व बदल्यांत दुसरे खेळाडू घेतले. पुढल्याच वर्षीं, वयाची चाळिशी गांठलेल्या बोर्कनें कोलोराडोकडून तो चषक उंचावला. बॉस्टनला मात्र त्यासाठीं २०११ सालापर्यंत वाट पाहावी लागली. म्हातारा म्हणून ज्याला दिला तोच जिंकून गेला, असें ह्यावरून कोणी म्हणेल. आणि तो राहता तर दोघेहि हरले असते, असेंहि कोणी म्हणेल. एका उदाहरणानें निकाल लागत नाहीं.

भारतांत खेळाडूंची अशी अदलाबदल राज्याराज्यांच्या संघांत होत नाहीं. येथें खेळाडू आपल्या इच्छेनें, पोटासाठीं किंवा मानासाठीं एक प्रांत सोडून दुसऱ्या प्रांताकडे जातो. तथापि सोडणाऱ्या संघापुढें आणि घेणाऱ्या संघापुढें प्रश्न तोच असतो. तो किती खोल आहे हें पाहावयाचें असेल, तर नागपूरच्या क्रिकेटचा शंभर वर्षांचा इतिहास पुरेसा आहे. ह्या शहरानें आपला सर्वांत थोर खेळाडू गमावला, आणि पुढें दुसऱ्या शहराचा एक थोर खेळाडू आणून त्याच्या संगतींत आपलें घर उभें केलें.

कोट्टारी कनकय्या नायडू ह्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजीं नागपुरांत झाला. घराणें मूळचें आंध्राकडील, पण नागपुरांत स्थिरावलेलें. शाळेंतील मैदानावरच त्यांचा खेळ नांवारूपास आला, आणि १९१६ सालीं ते हिंदूंच्या संघाकडून मुंबईच्या मोठ्या सामन्यांत उतरले. त्या काळीं खेळावर उदरनिर्वाह करण्याची सोय नागपुरांत नव्हती. प्रांताचा क्रिकेट-संघ म्हणावा असें कांहीं रुजलेलें नव्हतें, आणि खेळाडूस पोसणारा राजाश्रयहि नव्हता. तो आश्रय इंदूरला होता. तुकोजीराव होळकरांच्या बोलावण्यावरून १९२३ सालीं नायडू इंदुरास गेले व तेथल्या सैन्यांत त्यांना हुद्दा मिळाला. तेव्हां त्यांचें वय सत्तावीस वर्षांचें होतें. म्हणजे नागपूरनें गमावला तो उतारवयाचा मोहरा नव्हे, ऐन भरांतला होता. तीनच वर्षांनीं, डिसेंबर १९२६ मध्यें, मुंबईच्या जिमखान्यावर गिलिगनच्या इंग्रज संघाविरुद्ध त्यांनीं दोन तासांच्या आंत १५३ धावा काढल्या. त्यांत अकरा षट्कार होते. १९३२ सालीं लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना झाला, तेव्हां भारताचे पहिले कर्णधार तेच होते.

नागपूरला ह्या बदल्यांत काय मिळालें? कांहींच नाहीं. १९३४-३५ सालीं रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली, तेव्हां मध्यप्रांत व वऱ्हाड ह्या नांवाचा संघ तींत होता. पण नायडू खेळले ते समोरच्या बाजूस, मध्य हिंदुस्थानच्या संघाकडून. आणि एकदां वाट पडली कीं तिच्यावरून एकटाच मनुष्य जात नाहीं. त्यांचे धाकटे बंधु सी. एस्. नायडू हे नागपूरचेच. तेहि बडोद्याकडे आणि पुढें होळकर संघाकडे गेले. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यांत मुंबईविरुद्ध त्यांनीं होळकरांसाठीं ९१७ चेंडू टाकले. एका सामन्यांत एवढे चेंडू टाकणारा गोलंदाज जगाच्या क्रिकेटांत दुसरा झालेला नाहीं. डावखोरे गोलंदाज हिरालाल गायकवाड ह्यांचा जन्महि नागपूरचा. त्यांची कीर्ति झाली ती होळकर संघांत. सागरचे चंदू सरवटे मध्यप्रांताकडून खेळूं लागले आणि फिरत फिरत अखेर इंदुरासच पोंचले. नागपूर बी पेरीत होतें आणि पीक इंदूरच्या खळ्यावर येत होतें.

आतां इंदूरची बाजू पाहावी. होळकरांच्या संघांत नायडू आले ते पंचेचाळिशी ओलांडलेले गृहस्थ म्हणून. त्यांच्या भोवतीं मुश्ताक अली, सरवटे, गायकवाड, जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर अशी मंडळी जमली. १९४४-४५ पासून १९५४-५५ पर्यंतच्या अकरा हंगामांत ह्या संघानें दहा वेळां अंतिम सामना गांठला आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असा चार वेळां करंडक जिंकला. १९४५-४६ च्या हंगामांत म्हैसूरविरुद्ध ह्या संघानें ८ बाद ९१२ धावांवर डाव सोडला. त्यांत सहा जणांचीं शतकें होतीं. त्याच हंगामांत पन्नाशीला आलेल्या नायडूंनीं बडोद्याविरुद्ध २०० धावा केल्या. नायडूंची शिस्त कडक होती, आणि तिचा धाक संघांतील सर्वांस असे. ते १९५२-५३ पर्यंत होळकर संघाकडून खेळले, म्हणजे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत.

ह्यावरून वृद्ध खेळाडूस कधीं सोडूं नये, असा सिद्धान्त काढण्याचा मोह होतो. परंतु एका गोष्टीकडे लक्ष दिलें पाहिजे. त्या सहा शतकांचें श्रेय एकट्या नायडूंचें नव्हे. इंदूरला त्यांचा उपयोग झाला, कारण त्यांच्या शेजारीं शिकणारे होते, शिकलेलें दाखविण्यास दुसऱ्या टोकाला जागा होती, आणि ह्या सर्वांस पोसणारें एक संस्थान मागें उभें होतें. तें संस्थान विलीन झाल्यावर संघहि फार दिवस टिकला नाहीं. १९५४-५५ च्या हंगामानंतर होळकर हें नांव रणजी स्पर्धेतून नाहींसें झालें. एका राजाच्या आवडीवर उभारलेलें घर त्या आवडीबरोबरच गेलें.

शिवाय नुसतें राखणें म्हणजे उपयोग करणें नव्हे, हेंहि नायडूंच्याच चरित्रांत दिसून येतें. १९३६ सालीं भारतीय संघ इंग्लंडला गेला. नायडू त्या संघांत होते, पण नेतृत्व विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे देण्यांत आलें होतें. संघांत गट पडले. लाला अमरनाथसारख्या तेजस्वी खेळाडूला दौरा अर्धवट टाकून घरीं परतावें लागलें. तीन कसोटी सामन्यांपैकीं दोन हरले व एक अनिर्णित राहिला. शेवटच्या सामन्यांत, ओव्हलवर, नायडूंनीं ८१ धावा काढल्या. तीच त्यांची अखेरची कसोटी. वडीलधाऱ्या माणसाला घरांत ठेवावें, त्याच्या नांवाचा डौल मिरवावा, आणि त्याचा शब्द मात्र चालूं देऊं नये, अशांतला तो प्रकार होता. असा खेळाडू संघांत असून नसल्यासारखा होतो. आणि तरुणांची जागा मात्र अडवून बसल्याचा ठपका त्याच्याच माथीं येतो.

नागपूरची पुढची सहा दशकें फार उदास गेलीं. प्रांतांची फेररचना झाली, आणि १९५७-५८ पासून विदर्भ ह्या नांवानें संघ रणजी स्पर्धेत उतरूं लागला. सिव्हिल लाइन्समधील मैदानावर १९६९ सालीं कसोटी सामना झाला. पुढें वर्धा रस्त्यावर जामठा येथें भव्य क्रीडागार उभें राहिलें व २००८ सालीं तेथेंहि कसोटी खेळली गेली. मैदानें झालीं, पाहुणे संघ आले नि गेले. पण यजमानांचा स्वतःचा संघ खालच्या गटांतच बहुधा घुटमळत राहिला. विदर्भाच्या संघांतून कसोटी खेळण्याचा पहिला मान मिळाला तो उमेश यादव ह्या वेगवान गोलंदाजास, आणि तोहि २०११ सालीं. खाणकामगाराचा हा मुलगा नागपूरजवळच्या वलनीसारख्या वस्तींतून वर आला. गुण होते, ते एकत्र बांधणारा धागा नव्हता.

तो धागा मिळाला तो मुंबईहून. वसीम जाफर हे मुंबईचे सलामीचे फलंदाज, भारताकडून एकतीस कसोटी सामने खेळलेले. २००८-०९ व २००९-१० ह्या लागोपाठच्या दोन वर्षीं त्यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईनें करंडक जिंकला होता. वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, २०१५-१६ च्या हंगामांत, ते मुंबई सोडून विदर्भाकडे आले. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहींतर चित्र एकांगी होईल. ज्या हंगामांत जाफर मुंबईकडे नव्हते, त्याच हंगामांत मुंबईनें करंडक पुन्हां जिंकला, आणि श्रेयस अय्यर ह्या तरुणानें तेराशेंहून अधिक धावा केल्या. म्हणजे मुंबईचें कांहीं बिघडलें नाहीं. जिच्या दारांत तरुणांची रांग उभी आहे, तिनें वडील खेळाडूला सन्मानानें वाट करून द्यावी, हेंच उचित. १९२३ सालीं नागपूरच्या दारांत अशी रांग नव्हती. म्हणून एक मनुष्य गेला आणि घर ओस पडलें.

विदर्भाला जाफरांचा उपयोग लगेच झाला असें नाहीं. दुखापतीमुळें त्यांचा एक हंगाम वायां गेला. हा म्हातारा गडी कशाला हवा, असें कोणी म्हटलें असतें तरी तें अगदींच गैर ठरलें नसतें. परंतु २०१७-१८ च्या हंगामांत ते पुन्हां उभे राहिले, आणि तेहि व्यावसायिक खेळाडूचें मानधन न घेतां. त्याच वर्षीं चंद्रकांत पंडित हे मार्गदर्शक म्हणून आले. पंडित मूळचे मुंबईचे; पण उतारवयांत ते मध्यप्रदेशाकडे गेले होते, आणि १९९८-९९ सालीं त्यांच्या नेतृत्वाखालीं त्या संघानें अंतिम सामना गांठून तो गमावला होता. बाहेरून आलेल्या वडील खेळाडूचें सुखदुःख त्यांनीं स्वतः भोगलें होतें. कर्णधार होता नागपूरचाच फैज फजल. त्या हंगामांत सर्वांत अधिक धावा जाफरांच्या नव्हत्या. त्या फजलच्या होत्या, ९१२. उपान्त्य सामन्यांत कर्नाटकाला अवघ्या पांच धावांनीं हरविलें तें रजनीश गुरबानीच्या गोलंदाजीवर. अंतिम सामन्यांत दिल्लीविरुद्ध त्रिक्रम साधला तोहि गुरबानीनें. आणि अक्षय वाडकर ह्या तेवीस वर्षांच्या यष्टिरक्षकानें आपलें पहिलें शतक ह्याच सामन्यांत झळकाविलें. जाफरांच्या वांट्याला ७८ धावांचा एक संयमी डाव आणि अखेरचे विजयी फटके आले. १ जानेवारी २०१८ रोजीं विदर्भानें नऊ गडी राखून करंडक जिंकला.

हा सामना इंदूरला झाला, आणि मैदानाचें नांव होळकरांचें होतें. नागपूरचा पुत्र ज्या गांवीं जाऊन मोठा झाला, त्याच गांवीं, पंचाण्णव वर्षांनीं, नागपूरला आपलें पहिलें अजिंक्यपद मिळालें.

पुढल्या हंगामांतील गोष्ट अधिक बोलकी आहे. २०१८-१९ मध्यें चाळिशीच्या जाफरांनीं १०३७ धावा केल्या. पण जामठ्याच्या अंतिम सामन्यांत सौराष्ट्राविरुद्ध त्यांची बॅट शांतच राहिली. सामना जिंकला तो आदित्य सरवटे ह्या डावखोऱ्या फिरकी गोलंदाजानें. त्यानें अकरा बळी घेतले आणि विदर्भानें ७८ धावांनीं करंडक राखला. वडील माणूस अपयशी ठरलेल्या दिवशींहि घर डगमगलें नाहीं. त्याला आणल्याचें सार्थक ह्याहून अधिक कशानें सिद्ध व्हावयाचें?

तरीहि ह्या हिशोबांत एक खर्ची बाजू आहे, आणि ती लपविणें बरें नव्हे. संघांत जागा अकराच असतात. बाहेरचा एक आला कीं घरचा एक बाहेर बसतो. आणि बसलेल्या त्या तरुणाचें नांव कोणत्याहि धावफलकावर उमटत नाहीं. त्याच्या खेळाचीं मोलाचीं दोनतीन वर्षें निघून जातात. बाहेरच्या खेळाडूस मिळणारा पैसा गांवोगांवच्या मैदानांवर खर्चिला असता तर अधिक फळ आलें असतें, असाहि एक पक्ष आहे. तो पक्ष चुकीचा नाहीं. पण त्याला उत्तर इतकेंच, कीं विदर्भानें एकाऐवजीं दुसरें केलें नाहीं. तरुणांस शिकविण्याची व्यवस्था आधीं केली, आणि मग त्यांच्या शेजारीं उभा करण्यासाठीं एक जाणता मनुष्य आणला. हा क्रम उलटा झाला असता, तर जाफर म्हणजे केवळ एक महागडें शोभेचें नांव ठरलें असतें.

ह्या क्रमाची परीक्षा पुढें पुन्हां झाली. जाफर २०२० सालीं निवृत्त झाले. २०२३-२४ मध्यें कर्नाटकाच्या संघांतून बाहेर राहिलेला करुण नायर विदर्भाकडे आला; भारतासाठीं कसोटींत त्रिशतक ठोकलेला हा फलंदाज. २०२४-२५ च्या अंतिम सामन्यांत केरळाविरुद्ध विदर्भाची अवस्था ३ बाद २४ अशी झाली असतां नायर आणि एकवीस वर्षांचा दानिश मालेवार ह्यांनीं २१५ धावांची भागी केली. तींत मोठा वांटा त्या मुलाचा होता : १५३. नायरनें पहिल्या डावांत ८६ व दुसऱ्यांत १३५ धावा केल्या. तरुण हर्ष दुबेनें त्या हंगामांत ६९ बळी घेऊन स्पर्धेचा नवा उच्चांक केला. पहिल्या डावांतील आघाडीच्या जोरावर करंडक तिसऱ्यांदा नागपुरास आला, आणि तो स्वीकारणारा कर्णधार होता अक्षय वाडकर, सात वर्षांपूर्वीं इंदुरांत पहिलें शतक काढणारा तोच यष्टिरक्षक.

त्या सामन्यांत केरळाच्या बाजूनें एक ओळखीचा चेहरा होता. आदित्य सरवटे तोंवर विदर्भ सोडून केरळाकडे गेला होता. त्यानें आपल्या जुन्या सोबत्यांविरुद्ध ७९ धावा केल्या. पुढें नायरहि कर्नाटकाकडे परतला. १९२३ सालीं एका खेळाडूच्या जाण्यानें जें शहर पोरकें झालें, तेंच आतां एकाला येतांना पाहतें, दुसऱ्याला जातांना पाहतें, आणि त्याची घडी विस्कटत नाहीं. जाणाऱ्याची जागा घेणारा कोणी तरी मागें तयार असतो.

तेव्हां जुना मोहरा ठेवावा कीं सोडावा, ह्याचें उत्तर त्या मोहऱ्याच्या वयांत नाहीं आणि त्याच्या कीर्तींतहि नाहीं. त्याच्या शेजारीं कोण उभें आहे, ह्यांत तें आहे. शेजारीं शिकणारा असेल, तर चाळिशीचा खेळाडूहि संघाच्या उद्यांची कमाई असतो. शेजारीं कोणीच नसेल, तर पंचविशींतला हिराहि एके दिवशीं निघून जातो, आणि मागें फक्त त्याच्या जन्मगांवाचा अभिमान उरतो. नागपूरनें तो अभिमान फार वर्षें एकट्यानें सांभाळला.

हुडकेश्वरच्या मोकळ्या जागेवरचा तो वडील गडी संध्याकाळीं कामावरून थकून आला, आणि पहिला डाव कोणाचा ह्यावरून भांडण लागलें, तर निवाडा फारसा अवघड नाहीं. त्यानें खेळावें, पण दुसऱ्या टोकाला त्या धडपड्या पोराला घेऊन खेळावें. उद्यां तो आला नाहीं, तरी डाव मांडला गेला पाहिजे.